मत्स्यन्याय आणि भाऊबंदकी

आपल्या वाङ्मयांतील पहिला पाळीव मासा शतपथ ब्राह्मणांत भेटतो. सकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांतून एक इवलासा मासा मनूच्या हातीं येतो आणि रक्षणाची याचना करतो. आम्ही लहान असतों तोंवर आम्हांला मोठें भय असतें, कारण मासाच माशाला गिळतो, असें तो सांगतो. मनूनें आपल्याला आधीं घागरींत ठेवावें, घागर पुरेनाशी झाली म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेवावें, आणि तोहि अपुरा पडला म्हणजे समुद्रांत सोडावें, अशी त्याची मागणी असते. पुढें जलप्रलयांत हाच मासा मनूची नौका ओढून नेतो, तो भाग सर्वांच्या स्मरणांत असतो. आरंभींच्या त्या घागरीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मोठ्यानें लहानाला गिळण्याच्या या रीतीला आपल्या राजनीतिकारांनीं 'मत्स्यन्याय' असें नांव दिलें, आणि दंड धारण करणारा कोणी नसेल तर समाजांत हाच न्याय चालतो, असें कौटिल्यानें बजावून ठेवलें.

आमच्या आर्णीला समुद्राचा वारा कधीं लागला नाहीं. अरुणावतीच्या कांठचें हें गांव. येथें मासा म्हटला कीं भोयांच्या टोपलींतली मरळ नाहींतर वाम डोळ्यांपुढें येते. अशा ठिकाणीं आमच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत गेल्या वर्षीं खाऱ्या पाण्याची काचपेटी आली. दर लिटर पाण्यास सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणांत तयार मीठ मिसळून त्यांच्या मुलानें घरींच समुद्र केला, आणि मुंबईहून मासे मागविले. वडीलधाऱ्यांनीं मत्स्यन्याय ध्यानांत ठेवूनच निवड केली होती. मोठ्या तोंडाचा एकहि मासा नको. सारे लहान, सारख्या बांध्याचे, एका जातीचे असावेत, म्हणजे गुण्यागोविंदानें नांदतील. म्हणून निळ्या रंगाचे तीन डॅमसेल आले. दहा दिवसांत त्यांतला एकच उरला. "प्रोफेसरसाहेब, कोणीं कोणाला गिळलें नाहीं, तरी दोघे गेले. तुमच्या मत्स्यन्यायांत हें कोठें बसतें?" असें स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें.

तें त्यांत बसत नाहीं. त्यासाठीं मराठींत दुसरा शब्द आहे, आणि तो भाऊबंदकी हा होय. मत्स्यन्याय नदीकांठीं उभें राहूनहि दिसतो. ही भाऊबंदकी नीट दिसण्यासाठीं मात्र माणसाला काचेची भिंत उभारावी लागली. ती उभारल्यावरहि तिचा अर्थ लागण्यास शंभराहून अधिक वर्षें गेलीं.

काचेचा हा इतिहास फार जुना नाहीं. फ्रेंच संशोधिका जान व्हिलप्रे-पॉवर यांनीं १८३२ च्या सुमारास सिसिली बेटावरील मेसिना येथें काचेच्या पेट्या करवून त्यांत अर्गोनॉट नांवाच्या अष्टपाद प्राण्याचा अभ्यास आरंभिला. १८४६ सालीं ॲना थिन या बाईंनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणलें. समुद्र दूर, म्हणून त्यांची दासी रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीजवळ उभी राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे, कीं त्यांत हवा मिसळावी. तें प्रवाळ तीन वर्षांवर जगलें. १८४५ सालीं त्या देशांत काचेवरील कर उठला होता, त्यामुळें मध्यमवर्गाच्या हातीं काच आली. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें जलवनस्पति आणि जलचर यांचा मेळ घालून पाणी दीर्घकाळ निर्मळ ठेवतां येतें हें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथानें 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर पोंचविला. या मंडळींचें चित्त मुख्यतः पाण्यावर होतें. पाणी नासूं नये, प्राणवायु पुरावा, हेंच त्या काळीं मोठें संकट होतें. कोणाची सोबत कोणाला मानवेल, हा प्रश्न मागें राहिला.

आपल्याकडे मद्रासचें सागरी मत्स्यालय १९०९ सालीं लोकांस खुलें झालें. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें. ज्या पारशी दानशूर गृहस्थांनीं त्यासाठीं देणगी दिली, त्यांचेंच नांव त्याला मिळालें. लहानपणीं वडिलांचें बोट धरून आम्हीं तें पाहिलें. अंधाऱ्या दालनांत ओळीनें उजळलेल्या त्या खिडक्या अजून आठवतात. सार्वजनिक मत्स्यालयाला हें साधतें. ज्यांचें पटत नाहीं त्यांच्यामध्यें भिंत घालतां येते. घरच्या एकुलत्या पेटींत ती सोय नाहीं. १९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्या सामग्रीवर प्रवाळांची पेटी टिकवितां येते हें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून प्रवाळांतील रंगीत मासे सामान्य माणसाच्या घरीं येण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि त्यांच्याबरोबर त्यांचीं भांडणेंहि आलीं.

या भांडणांचा पहिला मोठा विचार कोन्राड लोरेन्ट्स या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें केला. आपल्या १९६३ च्या ग्रंथांत त्यांनीं दाखविलें कीं, भडक रंगाचे मासे परक्या जातीकडे बहुधा दुर्लक्ष करतात आणि स्वजातीयावर तुटून पडतात. त्यांच्या मतें हा रंग म्हणजे हद्दीवर रोवलेला ध्वज होय. समुद्रांत हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तेथेंच संपतें. पेटींत पळण्यास जागा नसल्यानें तेंच भांडण प्राणांवर बेततें. १९७१ सालीं लो या संशोधकानें ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळरांगेवर यापुढील गोष्ट पाहिली. शेवाळ खाणारा एक डॅमसेल परजातीच्या माशांनाहि हुसकून लावीत होता. परंतु जे त्याच्या शेवाळांत वाटेकरी होते त्यांनाच. मांसाहारी मासे जवळून गेले तरी तो बहुधा शांत राही. म्हणजे तंटा केवळ रूपाचा नव्हता, ताटाचाहि होता. शेतीच्या वाटणीचे दावे पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

क्लाऊनफिश माशाची गोष्ट याहून नवलाची आहे. एका समुद्रफुलाच्या आश्रयास एक मादी, एक नर आणि कांहीं धाकटे राहतात. मादी मेली तर नरच मादी होतो आणि धाकट्यांतला थोरला त्याची जागा घेतो. हें १९७७ सालीं प्रसिद्ध झालें. २००३ सालीं पीटर बस्टन यांनीं दाखविलें कीं, धाकटा आपली वाढच आवरून धरतो. वरच्याच्या बरोबरीस आला तर त्याला घराबाहेर काढतात. एकत्र कुटुंबाची किंमत येथें अंगाच्या मापांत मोजली जाते.

एवढा इतिहास पाहिला म्हणजे निवडीचे नियम आपोआप निघतात. तोंडाचें माप पहिलें; लायनफिशच्या तोंडांत मावेल तें त्याचें भक्ष्य, हा जुना मत्स्यन्याय. दुसरें, रूपानें आणि आहारानें सारखे असलेले मासे एका लहान पेटींत ठेवूं नयेत. एका जातीचा एकच ठेवावा, किंवा जमलेली जोडी. क्लाऊनफिश घ्यावयाचे तर कोंवळ्या वयाचे दोन घ्यावेत, एक थोडा मोठा आणि एक थोडा लहान. तिसरें, जेवण्याचा वेग. समुद्रघोडा सावकाश खातो. चपळ सोबत्यांच्या पंक्तीला बसविला तर तो भांडणावांचून, उपाशी मरतो. चौथें, प्रवेशाचा क्रम: भित्रा आधीं, दांडगा शेवटीं, कारण आधीं आलेला सारी पेटी आपली मानतो. पांचवें, आजचें माप न पाहतां उद्यांचें पाहावें. दुकानांत बोटभर दिसणारा निळा टँग पुढें फूटभर होऊं शकतो. मनूच्या घागरींतला मासा हेंच सांगत होता.

लोरेन्ट्स यांनीं माशांवरून माणसांविषयीं अनुमान बांधलें, तें मात्र आम्हांस जपून घ्यावेंसें वाटतें. ते स्वतः १९३८ सालीं नाझी पक्षाचे सभासद झाले होते. रक्ताचें आणि हद्दीचें वेड माणसांना कोठें नेतें हें त्यांच्या पिढीनें पाहिलें. आम्हींहि येथें भाऊबंदकी म्हटलें तें दृष्टांतापुरतें. भाऊ वाटणी करूं शकतात, वाड्यांत मधली भिंत घालूं शकतात, आणि वर्षांनंतर एखाद्या लग्नांत पुन्हां बोलूंहि शकतात. पेटींतल्या माशाला यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. वाटणी त्याच्यासाठीं कोणी तरी आधींच करावी लागते. तेथें दंडधर राजा पेटीचा धनीच, कोंडणाराहि तोच.

या राजाची हांव समुद्रालाहि भोंवली आहे. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनीं १९०७ च्या आपल्या आत्मकथनांत खंत केली कीं, वडिलांच्या ग्रंथांनीं मोहित झालेल्या संग्राहकांनीं इंग्लंडचे खडकाळ किनारे लुटून नेले. आपल्या देशांत २००१ सालीं समुद्रघोडे आणि खडक बांधणारीं प्रवाळें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घातलीं गेलीं. तीं घरीं आणणें हा गुन्हा आहे. क्लाऊनफिश मात्र आतां बंदिवासांत निपजवितां येतो. समुद्रांतून धरलेला मासा न घेतां तो घ्यावा, हा आमच्या मतें सहावा नियम.

आमच्या स्नेह्यांच्या पेटींत तो एक डॅमसेल अजून आहे. त्याला सोबती द्यावा काय, असें ते परवां विचारीत होते. आम्हीं पेटीचें माप विचारलें आणि नको म्हणून सांगितलें. मनूला आपला मासा शेवटीं समुद्रांत सोडतां आला. आर्णीहून समुद्र पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आणि जवळ असता तरी दुकानांतून आलेला, कोठल्या पाण्यांतला हें ठाऊक नसलेला मासा आपल्या किनाऱ्यावर सोडणें योग्य नव्हे. तेव्हां मनूनें दिलेलें वचन आपल्याला शेवटीं पाळतां येत नाहीं; तें निवडीच्या वेळींच पाळावें लागतें.