पात्रता की स्पर्धा? डॉक्टरांच्या परवाना परीक्षेतील गुणांची गोष्ट

१/ शिरूर तालुक्यातील कारेगावात एखाद्या दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांच्या पाटीवर नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक दिसेल. परीक्षेतील गुण दिसणार नाहीत. हे असे का, याला इतिहास आहे.

२/ मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ मध्ये पहिली तुकडी पदविका घेऊन बाहेर पडली; भाऊ दाजी लाड तिच्यातलेच. पदविका एकाच प्रश्नाचे उत्तर देत होती: हा मनुष्य रुग्णावर उपचार करण्यास पात्र आहे का?

३/ १८५५ पासून इंडियन मेडिकल सर्व्हिसची भरती लंडनमधील स्पर्धा परीक्षेने होऊ लागली. तेथे प्रश्न निराळा होता: मोजक्या जागांसाठी कोणाला निवडायचे? तेथे गुणानुक्रम अपरिहार्यच.

४/ १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने इलाख्यातील डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू झाली. मान्य पदवी असली की नाव नोंदले जाई. पहिला आलेला आणि काठावर उत्तीर्ण झालेला, दोघांचा अधिकार सारखाच.

५/ ही सीमारेषा अमेरिकेत पुसट झाली. तेथील परवाना परीक्षेचा पहिला टप्पा पात्रता तपासण्यासाठी होता; पण रुग्णालये त्याच गुणांवर निवासी डॉक्टरांची निवड करू लागली. अखेर २६ जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याचा निकाल केवळ ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ असा लागतो.

६/ दुसरी बाजूही आहे. ज्याचे महाविद्यालय तेथे कोणाला ठाऊक नाही, अशा आपल्याकडील विद्यार्थ्याला तो आकडाच ओळख मिळवून देत असे. आता दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर भार वाढला आहे. आकडा काढला, तरी जागांची टंचाई उरतेच.

७/ आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ‘नेक्स्ट’ या परीक्षेची तरतूद आहे: एकाच परीक्षेवर परवानाही आणि पदव्युत्तर प्रवेशही. २०२३ मध्ये नियमावली निघाली आणि परीक्षा पुढे ढकलली गेली.

८/ धोका येथेच आहे. गुणानुक्रमासाठी प्रश्नपत्रिका अवघड आणि बारकाव्यांची हवी. परवान्यासाठी रोजच्या उपचारातील घातक चूक पकडणारी हवी. कारेगावच्या रुग्णाला डॉक्टरचा क्रमांक कितवा, हे कळून उपयोग नाही. पाटीवरचा नोंदणी क्रमांक विश्वासार्ह आहे, एवढी हमी त्याला हवी. ती हमी स्पर्धेच्या ओझ्याखाली दबू नये.