सत्यान्वेषीचा निर्माता

रहस्यकथाकाराच्या वाट्याला लोकप्रियता पुष्कळ येते, प्रतिष्ठा क्वचितच. प्रवासात वाचावे आणि उतरताना विसरावे, अशा वाङ्मयात त्याच्या लेखनाची गणना होते. हा समज खोटा ठरविणारा एक बंगाली लेखक आपल्या पुण्यात येऊन स्थायिक झाला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. त्यांचे नाव शरदिंदू बंद्योपाध्याय.

१८९९ साली जौनपूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील मुंगेरचे वकील. पुत्रानेही वकिली पत्करली, परंतु ती सोडून लेखणी हाती धरली. १९३२ साली ‘पथेर काँटा’ या कथेतून व्योमकेश बक्षी वाचकांसमोर आला. सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन सोडून माणसे मारणारा खुनी तो या कथेत शोधून काढतो. ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द मात्र त्यास रुचत नाही. तो स्वतःस ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो.

१९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी चित्रपटकथा लिहिण्यास शरदिंदू मुंबईस आले. व्योमकेशाच्या कथा त्यापूर्वीच थांबल्या होत्या. सुमारे पंधरा वर्षांनी, १९५१ च्या सुमारास, त्या पुन्हा सुरू झाल्या आणि १९५२ मध्ये चित्रसृष्टीचा निरोप घेऊन लेखक पुण्यास राहावयास गेले. तेथे बसून त्यांनी कलकत्त्याच्या गल्ल्या आणि बिऱ्हाडे रंगविली. आता व्योमकेश संसारी गृहस्थ झाला होता आणि कथेचे स्वरूपही पालटले होते. खून कसा झाला यापेक्षा माणूस त्या थरास का गेला, हा प्रश्न मोठा ठरला. ‘आदिम रिपु’ या कथेत तर कलकत्त्यातील दंगे आणि स्वातंत्र्याची पहाट यांच्या छायेतच गुन्हा घडतो.

महाराष्ट्राचे ऋणही त्यांनी फेडले. शिवकालातील सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या कथा त्यांनी बंगाली बालकांसाठी लिहिल्या. मात्र १९६७ चा रवींद्र पुरस्कार त्यांना लाभला तो विजयनगरच्या इतिहासावरील ‘तुंगभद्रार तीरे’ या कादंबरीसाठी; व्योमकेशासाठी नव्हे.

१९७० साली ते निवर्तले, तेव्हा व्योमकेशाच्या बत्तीस कथा पूर्ण होत्या आणि ‘विशुपाल वध’ अपुरी राहिली होती. पुढे १९९३ मध्ये दूरदर्शनने व्योमकेशाला हिंदीतून घरोघरी पोहोचविले. मान इतिहासाच्या कादंबरीने मिळविला. लेखकाचे नाव मात्र देशभर नेले ते त्या सत्यान्वेषीनेच.