यरुशलेमच्या मंदिराचे द्वारपाळ



मंदिराचा इतिहास लिहिणारे बहुधा गाभाऱ्यापासून सुरुवात करतात. देव कोणता, पुजारी कोण, राजाने सोने किती वाहिले, एवढे सांगून झाले की ग्रंथ संपतो. मी मात्र आज दारापासून सुरुवात करणार आहे. माझे निम्मे आयुष्य गिरण्या-कारखान्यांच्या दाराशी सभा घेण्यात गेले. त्यामुळे कोणत्याही वास्तूत शिरताना दारावरच्या माणसाकडे माझे लक्ष आधी जाते. प्राचीन इस्राएलाच्या मंदिराविषयी वाचतानाही तसेच झाले, आणि त्या दारावर मला असा एक कामकरी वर्ग भेटला की त्याची हकीकत आपणांपुढे ठेवावी असे वाटले.

हा वर्ग म्हणजे द्वारपाळ. मराठी बायबलात हाच शब्द आहे. मूळ हिब्रू शब्द ‘शोएर’. ‘शआर’ म्हणजे दरवाजा, त्यावरून तो आला. हा ‘शआर’ आपल्याला अगदीच परका नाही. कोकणातून मुंबईस आलेल्या मराठीभाषी बेने इस्रायल समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. ते आज ‘शआर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, या नावाने ओळखले जाते.

या द्वारपाळांचे काम काय होते? दंडुका घेऊन उभे राहणे एवढेच ते नव्हते. जुन्या करारातील ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात त्यांची संख्या २१२ दिली आहे. चार दिशांना चार पहारे. शलूम हा त्यांचा मुख्य. बरेचसे द्वारपाळ आपापल्या खेड्यांत राहत आणि सात-सात दिवसांच्या पाळीने कामावर येत. चार प्रमुख मात्र कायमचे. मंदिराच्या कोठड्या व भांडारे त्यांच्या हवाली असत. रात्री मंदिराभोवती मुक्काम करायचा आणि रोज सकाळी दार उघडायचे. काहींकडे उपासनेची भांडी असत. ती मोजून बाहेर काढायची आणि मोजून आत घ्यायची. पहारेकरी, किल्लीदार आणि कोठावळा अशी तिन्ही कामे या एकाच वर्गाने सांभाळली.

त्याच ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात पहाऱ्याची वाटणी आहे. पूर्वेस सहा, उत्तरेस चार, दक्षिणेस चार, भांडारापाशी दोन-दोन, पश्चिमेस रस्त्यावर चार आणि आवाराशी दोन, मिळून चोवीस. कोणते दार कोणत्या घराण्याकडे जावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविले, आणि त्यात लहान घराणे, मोठे घराणे असा भेद केला नाही. पाळ्या वाटताना चालणारी वशिलेबाजी ज्याने पाहिली आहे, त्याला या एका वाक्याचे मोल निराळे सांगावयास नको.

आता इतिहासाची शिस्त पाळावयाची तर एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा ग्रंथ ही सारी व्यवस्था दावीद राजाच्या नावावर घालतो आणि त्याच्या काळी चार हजार द्वारपाळ होते असे सांगतो. पण ग्रंथ लिहिला गेला तो दावीदानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, इराणी साम्राज्याच्या अमदानीत. आपल्या काळची व्यवस्था जुन्या राजाच्या नावाने सांगितली की तिला वजन येते. म्हणून चार हजारांचा आकडा सोडून द्यावा. कामाचे वर्णन मात्र पाहिलेल्या माणसाचे दिसते.

राजांच्या काळात दारावर कोण होते? ‘राजे’ या ग्रंथात ‘उंबरठ्याचे राखणदार’ भेटतात. ते याजक होते, आणि मानाचे होते. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात योआश राजाने मंदिराच्या दुरुस्तीसाठी एक पेटी ठेवविली, तिच्या झाकणाला भोक पाडलेले होते. लोकांनी आणलेला पैसा हे राखणदार त्या पेटीत टाकीत. पेटी भरली की राजाचा लेखक आणि मुख्य याजक मिळून पैसे मोजीत, आणि त्यातून सुतार, गवंडी, पाथरवट यांची मजुरी दिली जाई. इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले, तेव्हा सेनापती नबूजरदान याने मुख्य याजक सराया, दुय्यम याजक सफन्या आणि उंबरठ्याचे तीन राखणदार यांना धरून रिब्ला येथे नेले. तेथे बाबेलच्या राजाने त्यांना ठार केले. मंदिराचे जबाबदार म्हणून शत्रूने कोणाला ओळखले? गाभाऱ्यातल्यांना आणि दारावरच्यांना, एकाच यादीत.

हद्दपारीनंतर चित्र बदलते. बाबेलहून परतलेल्यांची यादी एज्राच्या ग्रंथात आहे : याजक ४,२८९, लेवी ७४, गायक १२८, द्वारपाळ १३९. नहेम्याच्या ग्रंथात तीच यादी पुन्हा येते, तेथे द्वारपाळ १३८ आहेत. हजेरीपटातला एकाचा फरक आहे, त्यावर वाद नको. महत्त्वाचे हे की या यादीत द्वारपाळ हे लेव्यांहून वेगळे, त्यांच्या खाली मोजले आहेत. पुढे ‘इतिहास’ ग्रंथात पाहावे तर तेच द्वारपाळ लेवी म्हणून गणले गेले आहेत. त्यांची वंशावळ कोरहापर्यंत नेली आहे. मधल्या शे-दीडशे वर्षांत एका कामकरी वर्गाने पवित्र सेवकांत आपली जागा मिळविली. ही लढाई कोणी कशी लढली याचा वृत्तान्त ग्रंथांत नाही; निकाल तेवढा वंशावळीत नोंदला आहे.

आणि पूर्वज कोण, तर कोरह! सारी मंडळीच पवित्र आहे, मग मोशे आणि अहरोन यांनीच वरचढ का व्हावे, असा सवाल करून बंड करणारा हा माणूस. कथेप्रमाणे जमीन दुभंगली आणि तिने त्याला गिळले. पण ‘गणना’ हा ग्रंथ पुढे आवर्जून सांगतो की कोरहाचे मुलगे मेले नाहीत. त्याच बंडखोराचे वंशज मंदिराच्या दारावर विश्वासाने उभे केले गेले.

दर्जा मिळाला, पण पोटाचे काय? द्वारपाळांना जमीन वाटून दिलेली नव्हती. लोकांनी आणलेल्या धान्य, द्राक्षारस आणि तेल यांच्या दशमांशातून लेवी, गायक आणि द्वारपाळ यांचा वाटा निघे. इ. स. पूर्वी ४३३ च्या सुमारास नहेम्या हा इराणी बादशहाकडे परत गेला. तो नसताना एल्याशीब याजकाने हा वाटा साठविण्याची मोठी कोठडी आपला नातलग तोबीया याला राहावयास देऊन टाकली. वाटा बंद झाला. तेव्हा सेवा करणारे लेवी आणि गायक आपापल्या शेतांवर निघून गेले. आपण ज्याला संप म्हणतो तो हा नव्हे. त्यांनी मागणीपत्र दिले नाही. परंतु अर्थ तोच. मजुरी थांबली, तेव्हा सेवा थांबली, आणि देवाचे घर ओस पडले.

नहेम्याने परत आल्यावर काय केले ते पाहा. त्याने निघून गेलेल्यांना दोष दिला नाही. तो अधिकाऱ्यांना रागे भरला : देवाचे घर का सोडून दिले? तोबीयाचे सामान त्याने बाहेर फेकले, सेवकांना बोलावून ज्याच्या त्याच्या जागी उभे केले आणि भांडारावर विश्वासाची माणसे नेमली. मालकाची बाजू घेणारे लवाद मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा निवाडा मला मोठा वाटतो.

त्यानंतरच्या काळाची हकीकत ‘मिश्ना’ या धर्मग्रंथात मिळते. रात्री याजक तीन ठिकाणी आणि लेवी एकवीस ठिकाणी पहारा देत, पुन्हा चोवीसच. मंदिराच्या टेकडीचा अधिकारी मशाली पुढे घेऊन गस्त घाली. पहारेकरी उठून उभा राहिला नाही आणि सलाम केला नाही, तर तो झोपला असे समजून काठीचा मार. त्याचे वस्त्र जाळण्याचीही अधिकाऱ्याला मुभा होती. रब्बी एलिएझर बेन याकोब सांगतात की त्यांच्या मामालाच एकदा झोपलेले पकडले आणि त्याचे कपडे जाळले. धर्मग्रंथात घरच्या माणसाची ही नोंद राहिली म्हणून त्या पहाऱ्याची थंडी आजही आपल्याला लागते.

काम किती कष्टाचे? जोसिफस हा इतिहासकार म्हणतो की आतल्या आवाराचे पूर्वेकडील पितळी दार लावावयास वीस माणसे लागत. अशा कामात हात द्यावा म्हणून रब्बी यहोशुआ दार लावण्यास पुढे गेले, तेव्हा योहानान बेन गुदगदा यांनी त्यांना परत पाठविले. कारण यहोशुआ गायकांपैकी होते, द्वारपाळांपैकी नव्हते. ‘तालमूद’मधील ही गोष्ट आहे. गायनाचा दर्जा आपण मोठा मानू. पण म्हणून गायकाला दाराला हात लावण्याचा अधिकार नव्हता. ते काम ज्याचे त्याचेच.

आता दुसरी बाजू. दार आत घेण्यासाठी असते, तसे बाहेर ठेवण्यासाठीही असते. अशुद्ध मानलेल्याने आत येऊ नये म्हणूनच यहोयादा याजकाने द्वारपाळ बसविले असे ‘दुसरा इतिहास’ सांगतो. १८७१ साली क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला यरुशलेमात हेरोदाच्या मंदिराची एक ग्रीक शिळा सापडली. ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. परक्याने कठड्याच्या आत येऊ नये, पकडला गेल्यास आपल्या मरणास तोच जबाबदार, असा तिचा आशय आहे. हा नियम द्वारपाळाने केलेला नव्हता, पण लोकांना दिसे तो त्याचाच हात. त्याच इस्राएलात यशयाच्या ग्रंथाने हे घर सर्व राष्ट्रांसाठी असावे असाही विचार मांडला होता. एकाच दाराविषयी ही दोन मते शेवटपर्यंत नांदली.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर जाळले. दारे गेली आणि द्वारपाळांचे काम संपले. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावेही उरली नाहीत. पण त्यांच्या वाट्याचा हिशेब, त्यांच्या पाळ्या आणि त्यांच्या चोवीस जागा ग्रंथांत राहिल्या. कोणत्याही देवळाची, शाळेची, इस्पितळाची थोरवी मोजताना आतला कळस पाहावा, यात वाद नाही. त्याबरोबर रोज सकाळी दार कोण उघडतो आणि त्याचा वाटा त्याला वेळेवर पोचतो की नाही, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.