कार्टर यांचे दोन हिशेब

नारू झालेला पाय मी लहानपणी घरातच पाहिला आहे. आजोबांच्या घोट्यावरच्या फोडातून दोऱ्यासारखा किडा डोकावे आणि तो काडीला गुंडाळीत रोज बोटभर ओढावा लागे. घाई केली की तुटे, आणि मग पाय अधिकच सुजे. आपल्याकडचा नारू आपल्याच आरोग्यसेवकांनी संपवला. १९९६ नंतर भारतात रोगी आढळला नाही. पण २९ डिसेंबर २०२४ रोजी जिमी कार्टर वारले, तेव्हा मला व्हाइट हाउसच्या आधी तो पाय आठवला. १९८६ साली त्यांच्या संस्थेने हे काम हाती घेतले, तेव्हा जगात नारूचे सुमारे ३५ लाख रोगी होते. २०२४ साली १५ उरले. औषध नाही, लस नाही. पाणी गाळायचे फडके आणि गावोगाव सांगत फिरणारी माणसे, एवढ्यावर हे झाले.

या पुण्याईपुढे त्यांची अध्यक्षपदाची चार वर्षे विसरावीत, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. १९७७ च्या अखेरीस त्यांनी शहांच्या इराणला स्थैर्याचे बेट म्हटले; १९७९ च्या जानेवारीत शहांना देश सोडावा लागला. पुढे तेहरानात ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. एप्रिल १९८० मधल्या सुटकेच्या फसलेल्या मोहिमेत ८ सैनिक गेले. आफ्रिकेतल्या शेतकऱ्याचा पाय वाचला म्हणून त्या आठ घरांचे दुःख हलके होत नाही.

परंतु ‘राज्यकर्ता नापास, सेवक पास’ हा निकालही तितकाच उथळ आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये कँप डेव्हिडला तेरा दिवस सादात आणि बेगिन यांच्यामध्ये बसून ते मसुदे पुनःपुन्हा दुरुस्त करीत राहिले. १९७९ चा तह झाला, आणि त्यानंतर इजिप्त व इस्राएल यांच्यात युद्ध झालेले नाही. रोज बोटभर ओढणारा हात तो हाच. तेहरानातले ओलीसही अखेर वाटाघाटींनीच जिवंत सुटले; मात्र २० जानेवारी १९८१ रोजी, रेगन यांच्या शपथविधीनंतर काही मिनिटांनी!

सत्तेला मुदत असते, सेवेला ती नसते. शिवाय सेवेत काम आपण निवडतो. सत्तेत ते अंगावर येते, आणि चुकीची किंमत दुसरेच मोजतात. म्हणून माझ्या वहीत कार्टर यांची दोन पाने आहेत. एकाची जमा मी दुसऱ्यावर ओढीत नाही.