मित्सुई घराण्याची पेढी आणि वारसाचा प्रश्न

सन १७२८ च्या सुमारास जपानच्या क्योतो नगरातील मित्सुई ताकाफुसा या धनाढ्य व्यापाऱ्याने आपल्या वंशजांसाठी एक ग्रंथ सिद्ध केला. ‘चोनिन कोकेनरोकु’ हे त्याचे नाव. नगरवासी व्यापाऱ्यांविषयीची निरीक्षणे, असा त्याचा साधारण अर्थ करता येईल. व्यापारी माणूस घरच्यांसाठी लिहायला बसला म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या पराक्रमाचे गोडवे गातो, असा सर्वत्र अनुभव येतो. ताकाफुसाने तसे केले नाही. क्योतोतील सुमारे पन्नास श्रीमंत घराणी कशी उदयास आली आणि कशी धुळीस मिळाली, याची कहाणी त्याने एकामागून एक नोंदवली. यातील पुष्कळशी माहिती त्याच्या पित्याने, ताकाहिराने, प्रत्यक्ष पाहिलेली आणि मुलाला सांगितलेली होती.

या पडझडीची कारणे ताकाफुसाला दोन दिसली. दाइम्यो म्हणजे तेथील सरंजामदार. त्यांना दिलेली मोठमोठी कर्जे कधी वसूल होत नसत, आणि सरदाराविरुद्ध दाद मागायला व्यापाऱ्याला दरबार नव्हता. दुसरे कारण मात्र घरातलेच होते. पहिल्या पुरुषाने कष्टाने धन मिळवावे; त्याच्या मुलाने किंवा नातवाने ते जन्मसिद्ध मानून चहापानाची दुर्मिळ पात्रे, नो नाट्याचा नाद आणि प्रशस्त वाडे यांत मन गुंतवावे; कारभार मुनिमावर सोपवावा आणि मुनीम काय करतो हेही पाहू नये, असा हा क्रम होता. कुटुंबाच्या मालकीच्या उद्योगात वारसा कसा चालतो, हा आज विद्यापीठांतून अभ्यासिला जाणारा विषय आहे. त्या अभ्यासाला पूर्वज शोधायचा झाला, तर ताकाफुसाचे हे निरीक्षण विसरता येणार नाही.

ज्या घराण्यात हा ग्रंथ निर्माण झाला, त्याचा स्वतःचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. घराण्याचा मूळ पुरुष मित्सुई ताकातोशी. त्याचा जन्म १६२२ साली इसे प्रांतातील मात्सुसाका या गावी झाला. पित्याचे लक्ष व्यापारापेक्षा काव्यात अधिक. साके, मिसो आणि गहाणवट यांचा व्यवहार प्रत्यक्षात सांभाळी ती आई शुहो. ताकातोशी तिचे शेंडेफळ. चौदाव्या वर्षी त्याला एदो म्हणजे आजच्या तोक्यो नगरात थोरल्या भावाच्या कापडदुकानात पाठविण्यात आले. तेथे त्याने अशी काही चुणूक दाखवली की भावाला आनंदाऐवजी धास्तीच वाटू लागली, अशी कथा आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी आईच्या सेवेचे निमित्त होऊन तो गावी परतला आणि पुढची सुमारे चोवीस वर्षे तेथेच सावकारी करीत राहिला. १६७३ साली थोरला भाऊ निवर्तला, तेव्हा कुठे ताकातोशीला एदोमध्ये स्वतःचे दुकान काढता आले. त्या वेळी त्याने पन्नाशी ओलांडलेली होती. वडीलकीच्या मानापुढे कर्तबगारीने किती काळ तिष्ठत बसावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

‘एचिगोया’ नावाच्या या दुकानाचा दर्शनी भाग जेमतेम नऊ फूट रुंद होता. तोपर्यंत एदोचे मोठे कापडवाले सरदारांच्या वाड्यांवर माल घेऊन जात, किंमत घासाघीस करून ठरे आणि पैसा सहामाही-वार्षिक उधारीने मिळे. त्या उधारीचे व्याज अर्थातच किमतीत मिळविलेले असे. ताकातोशीने दुकानातच, रोखीने आणि एकाच भावाने विक्री सुरू केली. ताग्यातून हवे तेवढे कापड फाडून देण्याचीही सोय ठेवली. सामान्य गिऱ्हाईक लोटले आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्याला इतके छळले की १६८३ साली त्याने दुकान सुरुगाचो पेठेत हलवले व शेजारी सराफी पेढीही उघडली. शोगुन सरकारचा ओसाकातील महसूल हुंडीने एदोला पोहोचविण्याचे काम पुढे याच पेढीकडे आले. कापडात मिळालेल्या पैशाहून मोठे बळ तिला त्यातून मिळाले.

१६९४ साली ताकातोशी वारला. आता वाटणी होणार, असे कोणालाही वाटले असते. मुलगे अनेक होते, आणि ते बापाबरोबर राबलेले, कर्ते होते. परंतु त्यांनी भांडवल न फोडता एकत्र ठेवण्याचा करार केला. १७१० मध्ये ‘ओमोतोकाता’ नावाची मध्यवर्ती गादी स्थापन झाली. सर्व दुकाने या गादीकडून भांडवल घेत, नफ्याचा ठराविक भाग तिच्याकडे भरीत आणि हिशेब तिच्यापुढे ठेवीत. १७२२ साली ताकाहिराने पित्याच्या इच्छेच्या आधाराने जे मृत्युपत्र लिहिले, त्याने या व्यवस्थेला कायद्याचे रूप दिले. संपत्तीचे २२० हिस्से कल्पिले गेले. त्यांपैकी ६२ थोरल्या घराला. उरलेले बहुतेक इतर पाच मुख्य घरांना. थोडे नात्याने जोडलेल्या तीन उपघराण्यांना. आणि १० हिस्से पुढे उभे राहणाऱ्या धाकट्या मुलांसाठी राखून ठेवलेले. हा हिस्सा म्हणजे उत्पन्नावरचा अधिकार होता. तो उचलून वेगळा संसार थाटण्याची मोकळीक नव्हती. मुलांनी कोवळ्या वयात दुकानात उमेदवारी करून काम शिकावे, असेही बंधन होते. आणि जो सुधारणारच नाही त्याला घराबाहेर काढण्याची तरतूद होती.

भारतीय श्रोत्याला येथे विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेचे स्मरण होईल. मिताक्षरेत मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क असतो, आणि सहदायादाला वाटणी मागता येते. ज्या कुटुंबाची मालमत्ता जमीन आहे, त्याला हा नियम न्याय्य वाटतो. शेताचे तुकडे झाले तरी प्रत्येक तुकड्यावर काही तरी पिकते. पेढीचे तसे नाही. पत ही वाटून घेता येत नाही. मित्सुईंनी मालकीचा हक्क जन्माला चिकटवला, पण मोडतोडीचा हक्क जन्मापासून काढून घेतला. त्यांच्या साऱ्या व्यवस्थेचे मर्म या एका भेदात आहे.

म्हणून ती निर्वेध चालली असे मात्र नाही. अर्धशतकानंतर घराघरांत कर्जे वाढली, भांडणे झाली आणि १७७४ साली मालमत्तेची वाटणी झालीच. एकत्र यायला १७९७ साल उजाडावे लागले. कागदावरचा नियम भावाभावांतील कटुता थोपवू शकत नाही. फार तर नंतर परतण्याची वाट खुली ठेवतो.

मृत्युपत्राने वाटणीचा प्रश्न सोडवला तरी नालायक मुलाचा प्रश्न उरतोच. जपानच्या व्यापारी समाजाने त्यावर जो तोडगा काढला तो मोठा विलक्षण आहे. दुकानात लहानपणापासून वाढलेला हुशार गुमास्ता हेरावा, त्याला मुलगी द्यावी आणि त्याचे नाव बदलून त्यालाच वारस करावे. ओसाकाच्या सेम्बा पेठेत मुलगी जन्मली म्हणजे व्यापारी संतुष्ट होत, असे सांगतात. मुलगा पदरात पडेल तसा घ्यावा लागतो, जावई मात्र निवडता येतो! आपल्याकडेही दत्तक आहे. मुंबई प्रांतात तर प्रौढ आणि विवाहित पुरुष दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी मान्य केली होती. आंध्रातील काही शेतकरी समाजांत ‘इल्लाटम’ नावाने जावयाला घरात घेऊन वाटा देण्याची चाल होती. तथापि आपला दत्तक मुख्यतः पिंडदानासाठी आणि नाव चालविण्यासाठी. औरस पुत्र असताना तो घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जपानी व्यापारी मात्र औरस मुलगा डोळ्यांसमोर असतानाही त्याला बाजूला सारून जावयाला गादीवर बसवू शके. त्या मुलाच्या मनाची काय अवस्था होत असेल, हे हिशेबाच्या वह्यांत नोंदलेले नाही.

ही रीत खरोखर फलदायी होती काय? विकास मेहरोत्रा, रँडल मॉर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी कंपन्यांचा अभ्यास करून २०१३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात दत्तक वारसांच्या हातातील कंपन्या रक्ताच्या वारसांच्या कंपन्यांपेक्षा सरस ठरल्या. त्यापूर्वी २००७ साली मॉर्टेन बेनेडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील पाच हजारांहून अधिक वारसाबदलांची तपासणी केली होती. त्यांची युक्ती मोठी मार्मिक होती. मालकाचे पहिले अपत्य मुलगा की मुलगी, हे दैवाधीन असते. पण पहिला मुलगा असला म्हणजे कारभार घरातच राहण्याचा संभव वाढतो. या योगायोगाचा आधार घेऊन त्यांनी दाखवले की घरातल्या माणसाकडे सूत्रे गेल्यावर भांडवलावरील नफ्याचे प्रमाण निदान चार टक्क्यांनी घटते. ताकाफुसाच्या पन्नास कहाण्यांना अडीचशेहून अधिक वर्षांनी मिळालेला हा आकड्यांचा दुजोरा म्हणावा लागेल. मात्र आकडे सरासरी सांगतात. अमक्या घरचा मुलगा कसा निघेल, हे सांगत नाहीत.

मित्सुईंच्या संकटकाळी जो माणूस उपयोगी पडला, तो त्यांच्या रक्ताचा नव्हता. मिनोमुरा रिझाएमोन हा अनाथासारखा वाढलेला, स्वतः एका छोट्या दुकानदाराचा घरजावई, एके काळी साखरेचे खडीदाणे विकत हिंडलेला. १८६६ साली शोगुन सरकारने मित्सुईंवर जबर पट्टी बसवली, तेव्हा दरबारातील आपल्या ओळखीने त्याने ती कमी करून आणली आणि पेढीत शिरला. १८६८ साली शोगुनशाही कोसळली. मित्सुईंनी नव्या सरकारला पैसा पुरवला. १८७४ साली सरकारने आपल्या ठेवींबद्दल एकाएकी तारण मागितले, तेव्हा ओनो आणि शिमादा ही तोलामोलाची घराणी बुडाली, मित्सुई तगले. १८७६ साली मित्सुई बँक आणि ‘बुस्सान’ ही व्यापारी कंपनी निघाली. ज्या कापडदुकानावर घराणे उभे राहिले, ते दुकानच १८७२ साली वेगळे काढून टाकण्यात आले होते. मूळ पुरुषाच्या सोवळ्या स्मृतीला हात लावण्याचे असे धैर्य घरच्या मुलाला क्वचितच होते; परक्याला ते झाले. बुस्सानने १८९३ साली मुंबईत शाखा उघडली ती येथील कापसासाठी, आणि त्याच वर्षी जमशेटजी टाटांच्या प्रयत्नाने मुंबई-कोबे जहाजवाहतूकही सुरू झाली.

१९०० साली अकरा मित्सुई घरांसाठी नवी घटना तयार झाली. तिने कुटुंबीयांना राजकीय पक्षात जाण्यास, कर्ज काढण्यास, कोणाला जामीन राहण्यास मनाई केली. मालक श्रीमंत होते, पण स्वतंत्र नव्हते. ज्या देशात लक्षावधी लोक अर्धपोटी होते, तेथे त्यांच्याविषयी कोणाला करुणा वाटावी अशी अपेक्षा नाही. तरीही पैशाच्या मालकापेक्षा पैसाच श्रेष्ठ ठरविणारी ही घटना वाचताना मन थबकते.

मालक पडद्याआड गेले आणि कारभारी पुढे आले. ५ मार्च १९३२ रोजी तोक्योत मित्सुई बँकेच्या दारात एका अतिरेकी राष्ट्रवाद्याने दान ताकुमा यांची गोळी घालून हत्या केली. दान हे मित्सुई उद्योगांचे प्रमुख. अमेरिकेत शिकलेले खाणतज्ज्ञ, पगारी अधिकारी. संपत्तीवरचा लोकांचा रोष भोगावा लागला तो ज्याची ती संपत्ती नव्हती त्याला. त्यानंतर कुटुंबातील माणसांनी कंपन्यांच्या अधिकारपदांवरून माघार घेतली आणि समाजकार्यासाठी तीन कोटी येन दिले. महायुद्धातील पराभवानंतर अमेरिकन लष्करी अंमलाखाली घराण्याची मध्यवर्ती संस्था विसर्जित करण्यात आली आणि अकरा घरांचे हिस्से त्यांच्या हातातून गेले. मित्सुई नावाच्या कंपन्या पुढेही चालत राहिल्या, पण त्यांच्या गादीवर त्या घराचा हक्क उरला नाही. ताकाहिराचे मृत्युपत्र आणि ओमोतोकाताच्या वह्या आता तोक्योतील मित्सुई बुंको या संग्रहालयात आहेत, आणि त्या उघडून बसणारे बहुतेक जण विद्यापीठांतले संशोधक असतात.