बुधवारची मोजणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अर्धापूरच्या आमच्या घरात लाल कापडी बांधणीची एक जुनी चोपडी आहे. चोपडी हिशेबाचीच, पण तिच्यात केळीच्या घडांचा किंवा मजुरीचा हिशेब नाही. माझ्या थोरल्या भावानं १९६८ पासून पुढं पाच-सहा वर्षं, दर बुधवारी रात्री आठ वाजता, कंदिलाच्या उजेडात लिहिलेली सिनेमातल्या गाण्यांची क्रमवारी तिच्यात आहे. डावीकडं आकडा, मधे गाणं, त्यापुढं सिनेमाचं नाव आणि कडेला एक बाण. गाणं मागच्या बुधवारपेक्षा चढलं असेल तर बाणाचं टोक वर, उतरलं असेल तर खाली. काही पानांवर मात्र नुसती तारीख आहे आणि खाली तीन शब्द : 'आवाज आला नाही.'

गेल्या दिवाळीत नातीनं मला 'कॅरव्हान' आणून दिला. २०१७ साली सारेगामा कंपनीनं हा जुन्या रेडिओच्या घाटाचा डबा बाजारात आणला. पाच हजार गाणी आधीच भरलेली, आणि त्यात एक कप्पा अमीन सायानींच्या गीतमालेचा. बटण फिरवलं आणि 'बहनो और भाइयो' ही हाक ओसरीवर आली. मी उठून चोपडी शोधून काढली आणि दोन्ही समोरासमोर ठेवून ऐकत बसलो. काय जुळलं आणि काय जुळलं नाही, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी थोडा इतिहास. बिनाका गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवरून. त्या वर्षी केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. माणूस पुण्याचा, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचा जाणकार. आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन सुरू झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत. त्यामुळं ज्या गावांत कधी मैफल झाली नव्हती, तिथंही मोठमोठ्या गवयांचा आवाज पोचला. हे ऋण मान्य करायलाच हवं. पण सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. आकाशवाणीवर त्यांना कात्री लागली, गाण्यासोबत सिनेमाचं नाव सांगणंही जाहिरात ठरलं आणि निर्मात्यांशी बेबनाव झाला. लोकांनी काय ऐकणं चांगलं, हे दिल्लीत ठरू लागलं. लोकांनी मग रेडिओचा काटा फिरवला आणि तो कोलंबोवर जाऊन थांबला.

कोलंबोचं ते केंद्र जबरदस्त ताकदीचं होतं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी तिथं लघुलहरी प्रक्षेपक बसवला गेला आणि युद्धानंतर तो सिलोनच्या नभोवाणीकडं आला. लघुलहरींचा गुण असा, की त्या आकाशात उंचावर असलेल्या विद्युतभारित थराला आपटून परत खाली येतात आणि शेकडो कोस लांब उतरतात. तो थर घटकेघटकेला बदलतो, म्हणून आवाजही हेलकावे खातो. गंमत पाहा. गीतमालेचं ध्वनिमुद्रण व्हायचं मुंबईत. मुंबई आमच्यापासून कावळ्याच्या वाटेनं पाचशे किलोमीटरच्या आत. पण ती फीत विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून चौदाशे किलोमीटरवरून आवाज अर्धापूरला यायचा. शेजारच्या घरातला निरोप पंढरपूरला जाऊन परत यावा, तसं ते होतं.

रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाण्यांची हिट परेड आधीच चालू होती. तिच्या धर्तीवर हिंदी कार्यक्रम करायचा, तर आठवड्याला पंचवीस रुपये मिळणार होते आणि पत्रांचा ढीगही त्याच माणसानं उपसायचा होता. हे काम पडलं अमीन सायानींच्या अंगावर. वयाची विशी पुरी व्हायला तेव्हा त्यांना अठरा दिवस कमी होते. सुरुवातीला सात गाणी वाजवायची आणि ती कोणत्या क्रमानं प्रसिद्ध झाली ते श्रोत्यांनी कळवायचं, असा खेळ होता. बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि पुढं आठवड्याची पत्रं पासष्ट हजारांवर गेली, असं सायानी सांगत. एवढी पत्रं तपासायची कुणी? खेळ बंद झाला आणि १९५४ च्या अखेरीपासून लोकप्रियतेच्या क्रमानं गाणी लावायची पद्धत आली. प्रत्येक क्रमांकाला 'पायदान' म्हणायचे आणि पहिल्या पायदानाच्या गाण्याआधी बिगूल वाजायचा.

आता आमच्या मुलखाकडं वळू. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्याआधी शाळेची, कचेरीची, कोर्टाची भाषा उर्दू. आमचे अण्णा उर्दूतून शिकलेले. घरात मराठी आणि तलाठ्यापुढं उर्दू, असा रिवाज. रझाकारांच्या काळात या भागानं काय भोगलं हे जुन्या माणसांना सांगायला नको. त्यामुळं मुक्तीनंतर अनेक घरांत उर्दू शब्द उच्चारताना जीभ अडखळायची. ती हुकमाची भाषा होती. फर्मान निघायचं आणि आपण मान खाली घालून ऐकायचं.

आणि मग रेडिओवरून त्याच बोलीशी नातं सांगणारी, पण सोपी, हसरी हिंदुस्तानी ऐकू येऊ लागली. तिच्यात हुकूम नव्हता. ती विचारत होती की बाबांनो, तुम्हाला काय आवडलं? 'फर्मान' आणि 'फर्माइश' ही सख्खी भावंडं, पण दोन्हींत केवढं अंतर! फर्मान वरून खाली येतं, फर्माइश खालून वर जाते. ही भाषा सायानींना घरातूनच मिळाली होती. त्यांच्या आई कुलसुम सायानी या गांधीजींच्या प्रेरणेनं 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत. नवसाक्षरांसाठी, सोप्या हिंदुस्तानीत आणि देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत. लहानपणी अमीन त्यांना त्या कामात मदत करत. साध्या माणसाला समजेल असंच बोलायचं, हा धडा तिथला.

मला इथं एक योगायोग महत्त्वाचा वाटतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आमच्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. जहागिरदाराचं एक आणि सालगड्याचंही एकच. त्याच १९५२ सालच्या डिसेंबरात गीतमाला सुरू झाली. मतदान पाच वर्षांतून एकदा. गीतमालेची मोजणी दर बुधवारी. दोन्हींची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. पण आपल्यालाही कुणी मोजतं, ही चव आमच्या पिढीला लागली ती दोन्हीकडून.

आमच्या घरी ट्रान्झिस्टर आला १९६६ साली, नांदेडच्या वजिराबादेतून. पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढावा लागे, दरसाल पैसे भरावे लागत. बुधवारी सात वाजताच जेवणं उरकायची. ओसरीवर शेजारपाजारची वीस-पंचवीस माणसं जमत. केळीच्या बागेतून थेट आलेले गडी, मशिदीमागच्या गल्लीतले मामू, शाळेतले गुरुजी. जाहिरात टूथपेस्टची, आणि ऐकणारे निम्मे लोक मिश्री, राखुंडी नाहीतर कडुनिंबाची काडी वापरणारे. त्या स्विस कंपनीला आमच्या गावातून किती गिऱ्हाइकं मिळाली असतील, देव जाणे.

आई ओसरीवर येत नसे. माजघराच्या उंबऱ्याआड बसून ऐकायची. एकदा म्हणाली, ''ह्यो मानूस आधी बहिनीला हाक मारतो, मंग भावाला.'' आम्ही पोरांनी शेकडो वेळा ती हाक ऐकली होती. हे कधी ध्यानात आलं नव्हतं. पुढं भाऊ फर्माइशीचं कार्ड लिहायला बसला की आई आतूनच गाणं सुचवायची. भावाचं हिंदी कच्चं, म्हणून अण्णा उर्दूच्या जोरावर ते दुरुस्त करायचे. आईच्या पसंतीचं, अण्णांच्या भाषेतलं आणि भावाच्या अक्षरातलं ते कार्ड सकाळी पोस्टाच्या पेटीत पडायचं. आमच्या गावाचं नाव त्या आवाजात ऐकल्याचं मला आठवत नाही. ते भाग्य बिहारमधल्या, म्हणजे आजच्या झारखंडातल्या, झुमरी तलैया या अभ्रकाच्या खाणींच्या गावाचं. फर्माइशी पाठवून पाठवून त्या गावानं देशभर नाव केलं. पण आपलं गाणं चौदाव्या पायदानावरून अकराव्यावर चढलं की भाऊ म्हणायचा, ''आपलं कार्ड पोचलं बघ!''

ही मोजणी काटेकोर होती का? नव्हती. तबकड्यांच्या विक्रीचे आकडे दुकानांतून येत आणि ती दुकानं शहरांत. आमच्या गल्लीत ग्रामोफोन एकाकडंही नव्हता, मग आमची आवड विक्रीत दिसणार कशी? शिवाय विक्रीच्या आकड्यात खोट करता येते. म्हणून श्रोत्यांच्या मंडळांचीही मतं धरली जाऊ लागली. तरीही लहान माणसाची आवड त्यात उमटायची. १९५७ साल पाहा. 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया' त्याच वर्षीचे. पण वर्षअखेर पहिल्या क्रमांकावर आलं ते 'जनम जनम के फेरे' या पौराणिक चित्रपटातलं गाणं, संगीत एस. एन. त्रिपाठींचं. समीक्षकांनी यादी केली असती तर हे घडलं नसतं.

सरकारही शेवटी वळलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, १९६७ पासून तिच्यावर जाहिराती आल्या. १९६८ साली परभणीला आकाशवाणी केंद्र झालं आणि आमची मराठी हवेतून यायला लागली. गीतमालाही सिलोनहून विविध भारतीवर आली आणि १९९० नंतरच्या वर्षांत थांबली. मधे ती नव्या नावानं काही काळ परतली, पण तोवर घरोघरी टीव्ही आला होता. सायानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी.

आता पुन्हा त्या चोपडीकडं आणि कॅरव्हानकडं. गाणी तीच, आवाज तोच. पण थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की मी जुना बुधवार ऐकतच नव्हतो. ही नंतर पुन्हा बांधलेली गीतमाला आहे. बरंचसं निवेदन सायानींनी पुढं नव्यानं केलेलं, गाणी स्वच्छ केलेली. मूळ कार्यक्रम अखंड असे फार थोडे ऐकायला मिळतात. चुंबकीय फीत महाग असे, आणि ती पुसून पुन्हा वापरायची रीत त्या काळी जगभर होती. अमेरिकेत १९७० साली केसी केसम यांचा 'अमेरिकन टॉप फोर्टी' सुरू झाला. तो गावोगावच्या केंद्रांना तबकड्यांवर पाठवला जाई, म्हणून त्या तबकड्या उरल्या. तिथल्या केंद्रांवर त्या काळचे कार्यक्रम जसेच्या तसे पुन्हा लागतात. आपल्याकडं तसा ठेवा उरला तो मुख्यतः श्रोत्यांच्या वह्यांत. जयपूरच्या अनिल भार्गव यांनी अशाच चिकाटीनं गीतमालेच्या क्रमवारीचं सबंध पुस्तक केलं. ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलं नसतं तर तो इतिहास वाऱ्यावरच गेला असता.

दुसरं न जुळलेलं असं, की कॅरव्हानवर पहिला नंबर कधीही ऐकता येतो. चोपडीतला पहिला नंबर मिळवायला तासभर थांबावं लागे, आणि पुढच्या बुधवारी तो टिकेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसे. त्यात आमचं एक कार्ड पणाला लागलेलं असे. आज मी काय ऐकतो याचीही मोजणी होते. मोबाइलवर गाणं लावलं की कुठं तरी एक आकडा वाढतो म्हणे. पण ती मोजणी मला न विचारता होते. कार्ड लिहिताना घरात जी चर्चा व्हायची, आईचं मत घेतलं जायचं, ते तिच्यात कुठून येणार?

नातीनं चोपडी चाळली आणि 'आवाज आला नाही'च्या पानावर बोट ठेवलं. ''आजोबा, आता शोधून मिळेल की त्या दिवशीचा पहिला नंबर. मी लिहून टाकू?'' भाऊ नांदेडला असतो, नजर अधू झाली आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, ''राहू दे तसंच. त्या रातीला आपल्याला आवाज आलाच नव्हता. तेच खरं हाय.''

पान तसंच ठेवलं आहे. बुधवारी मात्र आता आम्ही दोघं फोन चालू ठेवून आठला ऐकायला बसतो. तो नांदेडात, मी अर्धापुरात.