शिखरावरून दिसणारे वर्तुळ : माँ ब्युए आणि आल्प्सदर्शनाचा इतिहास

प्रस्तावना

आल्प्समधील गिर्यारोहणाचा इतिहास सामान्यतः ८ ऑगस्ट १७८६ या दिवसापासून सांगितला जातो. त्या दिवशी शामोनीचा वैद्य मिशेल-गाब्रिएल पाकार आणि डोंगरांतील स्फटिक शोधून उदरनिर्वाह करणारा झाक बाल्मा हे दोघे माँ ब्लाँच्या माथ्यावर पोहोचले. आल्प्सचे सर्वोच्च शिखर मानवाने गाठले, ही घटना मोठी होती यात शंका नाही. तथापि या एकाच घटनेभोवती इतिहास गुंफला गेल्यामुळे उंची आणि प्रथमारोहण हेच शिखराच्या महत्त्वाचे निकष ठरले. ज्या शिखरांनी हे निकष पुरे केले नाहीत, ती तळटीपांत गेली.

माँ ब्युए हे अशा शिखरांपैकी एक होय. ३,०९६ मीटर उंचीचे हे शिखर माँ ब्लाँच्या उत्तरेस, आजच्या फ्रान्समधील ओत-साव्हुआ विभागात आहे. माँ ब्लाँपेक्षा ते सतराशे मीटरहून अधिक बुटके आहे. असे असूनही माँ ब्लाँवर पाऊल पडण्याच्या सोळा वर्षे आधी येथे एक वेगळी गोष्ट घडली होती. पर्वताचा माथा ही केवळ पोहोचण्याची जागा नसून पाहण्याची, मोजण्याची आणि नोंदण्याची जागा आहे, हा विचार येथे प्रत्यक्षात आला. प्रस्तुत लेखात १७७० ते १८०० या काळातील ब्युएच्या इतिहासाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

शिखराचे स्थान आणि वाट

ब्युएला इतिहासात मिळालेले स्थान त्याच्या भूगोलातून आले आहे. हे शिखर माँ ब्लाँच्या रांगेत नाही. तिच्यासमोर, एग्वीय रूझ या तांबूस सुळक्यांच्या रांगेमागे ते उभे आहे. घरात बसलेल्यास आपल्याच घराचे छप्पर दिसत नाही. ते पाहण्यासाठी समोरच्या अंगणात यावे लागते. ब्युए हे माँ ब्लाँचे असे अंगण आहे. त्याच्या माथ्यावरून दक्षिणेस माँ ब्लाँचा संपूर्ण हिमपसारा, पूर्वेस व्हाले प्रांतातील उत्तुंग शिखरे, ईशान्येस बर्नीज आल्प्स आणि वायव्येस जुरा पर्वताची लांब निळसर रेषा दिसते. भूरचनेच्या दृष्टीनेही हे शिखर सीमेवर आहे. त्याच्या पायथ्याशी प्राचीन स्फटिकमय खडक आहेत, तर माथ्यावर सागरतळाशी साचलेल्या गाळाचे काळपट, पापुद्रे सुटणारे खडक आहेत.

आज ही चढाई एका दिवसाची मानली जाते. पण तो दिवस सोपा नसतो. व्हालॉर्सिन खोऱ्यातील ल ब्युए या वस्तीची उंची सुमारे १,३३० मीटर आहे. तेथून बेरार ओढ्याच्या कडेने वाट वर जाते, सुमारे १,९२० मीटरवर एका प्रचंड शिळेच्या आडोशाला बांधलेल्या निवाऱ्यापाशी पोहोचते, सालांतों खिंडीच्या दिशेने दगडधोंड्यांतून चढते आणि शेवटी मोर्तीन नावाच्या रुंद डोंगरधारेवरून माथा गाठते. एका दिवसात चढावयाची उंची सुमारे १,७५० मीटर भरते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतल्यास या दिवसाच्या श्रमांची कल्पना येईल. उत्तरेकडील डोंगरधार याहून अरुंद असून तिच्यावरील अवघड टप्प्यांवर आधारासाठी तारा बसविलेल्या आहेत.

‘एका दिवसाची चढाई’ हा शब्दप्रयोगही इतिहासाने घडविलेला आहे. अठराव्या शतकात जिनिव्हाहून निघालेल्या प्रवाशाला केवळ पायथ्याशी पोहोचण्यास दिवस लागत. शिवाय जिनिव्हा हे स्वतंत्र प्रजासत्ताक होते, तर ब्युए सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखालील साव्हुआत होते; म्हणजे हा प्रवास परराज्यातील होता. साव्हुआ १८६० मध्ये फ्रान्समध्ये सामील झाले. १९०८ मध्ये लोहमार्ग व्हालॉर्सिनपर्यंत पोहोचला, आणि त्यानंतरच पहाटे निघून संध्याकाळी परतणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

वायुभारमापक घेऊन चढलेले बंधू

२० सप्टेंबर १७७० रोजी झाँ-आंद्रे देल्युक आणि त्याचा भाऊ गियोम-आंत्वान हे जिनिव्हाचे दोन बंधू सिक्स्ट गावाच्या बाजूने ब्युएच्या माथ्यावर पोहोचले. यापूर्वीचे त्यांचे प्रयत्न अपुरे राहिले होते. त्यांना तेथे कोणती ओढ घेऊन गेली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. विक्रमाची कल्पना त्या काळी रूढ नव्हती. देल्युकला जे हवे होते ते म्हणजे उंच जागा, आणि तेथे पाणी उकळण्याची सोय.

हवेचा दाब उंचीनुसार घटतो, हे १६४८ मध्ये पास्कालच्या सूचनेवरून त्याच्या मेव्हण्याने, फ्लोरां पेरिए याने, प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन दाखविले होते. तथापि दाबावरून अचूक उंची काढावयाची तर हवेच्या तापमानाचा परिणाम हिशेबात घ्यावा लागतो. देल्युकने जिनिव्हाजवळच्या साल्येव डोंगरावर वेगवेगळ्या उंचीवर वारंवार निरीक्षणे करून ही दुरुस्ती बसविली. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते, या नियमाची पारख करण्यासाठी मात्र साल्येवची उंची पुरेशी नव्हती. ब्युएच्या माथ्यावर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसला उकळते. समुद्रसपाटीच्या तुलनेत दहा अंशांचा हा फरक साध्या उपकरणांनीही स्पष्ट दिसण्याजोगा होता. देल्युकचा वातावरणविषयक ग्रंथ १७७२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढील वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले.

या पद्धतीचा पुढील प्रवास भारतीय वाचकास परिचित आहे. १८६६ च्या आरंभी ल्हासा येथे पोहोचलेल्या पंडित नैनसिंह रावत यांनी त्या नगराची उंची उकळत्या पाण्याच्या तापमानावरूनच निश्चित केली. उघडपणे मोजमाप करता येत नव्हते अशा प्रदेशात एक लहान उष्णतामापक पुरेसा ठरला.

ब्युएवरील त्या दिवसाचा आणखी एक प्रसंग देल्युकने नोंदविला आहे. माथ्यावर बराच वेळ उभे राहिल्यानंतर या मंडळींच्या ध्यानात आले, की आपल्या पायांखाली खडक नसून कड्याबाहेर आलेला बर्फाचा छज्जा आहे आणि त्याखाली पोकळी आहे. ती मंडळी घाबरून मागे सरली. पुढे या प्रचंड बर्फराशीपुढे आपले वजन नगण्य आहे असा विचार करून ती पुन्हा पुढे आली आणि दृश्य पाहू लागली. भीतीचा तर्काने केलेला हा निरास त्या युगाच्या मनोवृत्तीचा नमुना म्हणावा लागेल.

सोस्यूर, बूरी आणि वर्तुळाकार चित्र

१७७५ मध्ये मार्क-तेओदोर बूरी याने व्हालॉर्सिनच्या बाजूने ब्युएची नवी वाट शोधली. बूरी हा जिनिव्हाच्या साँ-पिएर प्रार्थनामंदिरातील मुख्य गायक, हौशी चित्रकार आणि प्रवासलेखक होता. याच वाटेवरील एका सपाट शिळेला आजही ‘गायकाचे मेज’ म्हणतात. पुढील वर्षी, १७७६ मध्ये, ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या वाटेने वर गेला. याच सोस्यूरने १७६० मध्ये माँ ब्लाँची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले होते. पण त्या बक्षिसाचा मानकरी निघण्यास अद्याप दहा वर्षांचा अवकाश होता.

माथ्यावर सोस्यूरपुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. सभोवार दिसणारी शिखरे कागदावर कशी उतरवावीत? नेहमीचे निसर्गचित्र एका खिडकीतून पाहिल्यासारखे असते. त्यात पाहणाऱ्याच्या पाठीमागचे जग येत नाही. भूवैज्ञानिकाला तर पर्वतरांगा एकमेकींच्या संदर्भात कशा पसरल्या आहेत, हेच जाणून घ्यावयाचे असते. यावर उपाय म्हणून सोस्यूरच्या सांगण्यावरून बूरीने एक वर्तुळ काढले. वर्तुळाच्या मध्यभागी पाहणारा, परिघावर क्षितिज आणि परिघाबाहेर सर्व दिशांना टोके करून उभी असलेली शिखरे, अशी ही रचना होती. चित्र हातात घेऊन फिरवीत गेले, की माथ्यावर उभे राहून स्वतःभोवती वळल्याचा अनुभव येतो. सोस्यूरच्या आल्प्सप्रवासाच्या पहिल्या खंडात १७७९ मध्ये हे चित्र छापले गेले.

ही तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. रॉबर्ट बार्कर याने प्रेक्षकांना चहूबाजूंनी वेढणाऱ्या चित्राचे पेटंट १७८७ मध्ये घेतले. अशा चित्रांसाठी ‘पॅनोरामा’ हा शब्द त्यानंतर रूढ झाला आणि लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यांसाठी खास गोलाकार इमारत १७९३ मध्ये उभी राहिली. बार्करचे चित्र रंजनासाठी होते, तर ब्युएचे चित्र अभ्यासासाठी. एकाने प्रेक्षकाला आपण दुसरीकडे आहोत असे भासविले; दुसऱ्याने आपण नेमके कोठे आहोत हे दाखविले. आज ज्याला ‘विहंगम दृश्य’ म्हणून पर्यटक वाखाणतात, त्याचा एक उगम असा ज्ञानव्यवहारात आहे. ‘जिऑलॉजी’ ही संज्ञा आजच्या अर्थाच्या जवळ जाणाऱ्या अर्थाने १७७८ मध्ये देल्युकने आणि १७७९ मध्ये सोस्यूरने वापरली, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल.

शिखरावर कोण होते?

या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. छापील वृत्तान्तांत विद्वानांची नावे ठळक आहेत. वाट दाखविणाऱ्या, उपकरणे वाहणाऱ्या शिकारी व गुराखी मंडळींचे उल्लेख मात्र ओझरते आहेत. बर्फ कोठे पोकळ आहे, ढग कधी उतरतील, हे ज्ञान त्यांचे होते. पण ते ग्रंथात आले नाही. हा भेद विद्वान आणि वाटाडे यांच्यापुरता मर्यादित नव्हता. पाकारच्या यशानंतर बूरीने त्याचे श्रेय कमी लेखून बाल्माची बाजू उचलून धरली. १८८७ मध्ये शामोनीत उभारलेल्या स्मारकात सोस्यूर आणि बाल्मा आहेत. पाकारचा स्वतंत्र पुतळा तेथे येण्यास १९८६ उजाडले. शिखरावर कोण होते, हे ठरविण्याचा अधिकार बहुधा शिखराखाली लिहिणाऱ्यांकडे राहिला.

स्त्रियांच्या संदर्भात ब्युएचा इतिहास बोलका आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील जेन आणि मेरी पार्मिंटर या चुलतबहिणींच्या ब्युएवरील चढाईचे वर्ष १७८६ असे सांगितले जाते, म्हणजे माँ ब्लाँच्या प्रथमारोहणाचेच वर्ष. पुढे मायदेशी परतून त्यांनी एक्समथजवळ सोळा बाजूंचे घर बांधविले, ते आजही उभे आहे. ब्युएला पुढे ‘स्त्रियांचे माँ ब्लाँ’ असे टोपणनाव मिळाले. या नावात गौरव आणि अवहेलना दोन्ही एकत्र आहेत. स्त्रिया येथवर येतात हे ते मान्य करते. त्यांनी येथेच थांबावे असेही सुचविते. १८०८ मध्ये मारी पारादी आणि १८३८ मध्ये आंरिएत दांझव्हिल यांनी माँ ब्लाँवर पोहोचून ही सूचना निरर्थक ठरविली.

धोक्याच्या बाबतीतही ब्युए दुय्यम नव्हते. ऑगस्ट १८०० मध्ये फ्रीड्रिख आउगुस्ट एशेन हा चोवीस वर्षांचा जर्मन कवी ब्युएच्या हिमनदीतील भेगेत पडून मरण पावला. सेर्व्हो येथे त्याचे स्मारक उभारण्यात आले, आणि त्यावर प्रवाशांना विश्वासू वाटाड्या सोबत घेण्याचा इशारा कोरण्यात आला. वाटाड्यांचे जे महत्त्व विद्वानांच्या ग्रंथांतून पुरेसे उमटले नाही, ते एका मृत्यूने दगडावर उमटले.

चित्र हा पुरावा

ब्युएच्या वर्तुळाकार चित्राला आज एक नवे मूल्य प्राप्त झाले आहे. सोस्यूरच्या काळात या शिखराचा उल्लेख ‘ब्युएची हिमनदी’ असाच होत असे, आणि बूरीच्या चित्राच्या शीर्षकातही तेच शब्द आहेत. आल्प्समधील हिमनद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपला मोठा विस्तार गाठला, आणि तेव्हापासून त्या मागे हटत आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस आजचा चढाईदार ज्या घसाऱ्यावरून घसरत, धापा टाकीत वर जातो, त्या भागात देल्युकबंधूंना बर्फ तुडवावे लागले होते. पूर्वेस खाली दिसणारे एमोसोंचे निळे जलाशयही बूरीच्या चित्रात नाहीत. त्यांतील सर्वांत मोठे धरण १९७५ मध्ये पूर्ण झाले. अशा रीतीने केवळ खडकांची रचना समजावी म्हणून काढलेले चित्र पर्यावरणाच्या इतिहासाचे साधन ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. आल्प्समधील गिर्यारोहणाची प्रेरणा आरंभी जिंकण्याची नव्हती, तर जाणण्याची होती, आणि माँ ब्युए हे त्या प्रेरणेचे ठळक उदाहरण होय. शिखरावरून दिसणारे दृश्य ही निसर्गाने आयती दिलेली वस्तू नाही. ते कसे पाहावे व कसे नोंदवावे, हे माणसांना शोधून काढावे लागले. या शोधात ज्यांचे श्रम होते, त्या सर्वांची नावे नोंदीत आली नाहीत, ही त्या ज्ञानाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे.

उंचीच्या यादीत ब्युएला स्थान नाही. परंतु सर्वोच्च शिखरावर उभे राहिलेल्यास ते शिखर दिसत नाही. त्यासाठी थोडे दूर, थोडे खाली उभे राहावे लागते. बूरीच्या वर्तुळात माँ ब्लाँ परिघावर आहे आणि मध्यबिंदूवर पाहणारा माणूस आहे. ब्युएने इतिहासाला दिलेली देणगी म्हणजे हा मध्यबिंदू होय.